थोड्या दिवसांसाठी आलेलं बाळ आणि अंगावरचं दूध

शिशुगृहातून भांडुपला घरी येताना टॅक्सीत ते बाळ माझ्या मांडीवर होतं. अडीच आठवड्यांचं, वजन २ किलो ४०० ग्रॅम. घाटकोपरच्या सिग्नलला गाडी थांबली तशी त्याला जाग आली, त्यानं मान वळवली आणि ड्रेसच्या कापडावरूनच तोंडानं छाती चाचपायला लागलं. माझा मुलगा तेव्हा १४ महिन्यांचा होता, रात्रीचं अजून अंगावर पीत होता. मला पान्हा फुटला. ओढणीपर्यंत ओलं झालं. तरी मी त्या बाळाला पाजलं नाही. घरी आल्यावर शिशुगृहानं दिलेल्या डब्यातलं दूध वाटी-चमच्यानं पाजलं. अंगावर घेतलं ते चार दिवसांनी. ते चार दिवस फार जड गेले, पण थांबले ते बरोबरच केलं, असं आजही वाटतं.

त्यानंतर आणखी दोन बाळं आमच्याकडे राहून गेली. प्रत्येकाच्या दुधाची गोष्ट वेगळी. एकाला माझंच दूध मिळालं, एकीसाठी आटलेलं दूध पुन्हा आणावं लागलं, आणि एकीच्या सख्ख्या आईचं दूध मी लोकलनं आणत होते. या तिघांमुळे जे शिकले ते इथे क्रमानं लिहिते आहे. प्रतिपालक म्हणून, म्हणजे थोड्या काळासाठी सांभाळायला, बाळ घेणाऱ्या बायकांसाठी हे आहेच. दत्तक घेताना अंतिम आदेश होईपर्यंत बाळ दत्तकपूर्व संगोपनात घरी आणणाऱ्या आयांसाठी आहे, आणि बहीण किंवा वहिनी आजारी पडली म्हणून अचानक पदरात तान्हं बाळ आलेल्या मावश्या-आत्यांसाठीही आहे. मुंबईत मला हा तिसरा प्रकार सर्वांत जास्त दिसतो आणि त्यांना सांगणारं कोणी नसतं.

आधी बाळाची फाईल वाचा

बाळ हातात येतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून नजर हटत नाही. तरी त्याच संध्याकाळी, ते झोपलं की फाईल उघडा. तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, बाळ कोणत्या वाटेनं आलं. सापडलेलं किंवा सोडून दिलेलं बाळ २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. तिथून ते बहुधा विशेष दत्तक संस्थेच्या शिशुगृहात जातं. आईनं स्वतः सोपवलेलं असेल तर बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. या दोन महिन्यांत ती कधीही येऊन बाळ परत मागू शकते, आणि तो तिचा हक्क आहे. तिसरी वाट म्हणजे आई आहे, तिला बाळ हवंही आहे, पण आजारपणामुळे किंवा संकटामुळे आत्ता तिला सांभाळता येत नाही.

दुसरी गोष्ट, बाळाला आतापर्यंत काय आणि कशानं पाजलं. वाटी-चमचा, बोंडलं, बाटली की नळी? किती मिली, किती तासांनी? शिशुगृहातल्या मावशींना फोन करून विचारायला संकोच करू नका. कागदावर ‘दर तीन तासांनी ५० मिली’ एवढंच लिहिलेलं असतं. ‘पहाटे पाचचं पीतच नाही, साडेसहाला द्या’ हे मावशीलाच ठाऊक असतं.

तिसरी गोष्ट, जन्माचं वजन, दिवस भरले होते का, लशी कोणत्या झाल्या आणि रक्ताच्या कोणत्या तपासण्या झाल्या. या शेवटच्या नोंदीवर पुढचं बरंच काही अवलंबून आहे.

विचारल्याशिवाय अंगावर घेऊ नका

बाल न्याय कायद्यात अंगावर पाजण्याबद्दल वेगळं कलम नाही. ना मनाई आहे, ना परवानगी. म्हणूनच तोंडी बोलण्यावर राहू नका. बाळ तुमच्या घरी असलं तरी ते बाल कल्याण समितीच्या आदेशानं तिथे आहे, त्याच्याबद्दलचे मोठे निर्णय एकटीनं घ्यायचे नाहीत. एका पानाचा साधा अर्ज लिहा: बाळाचा नोंदणी क्रमांक, तुमचं नाव, अंगावर पाजण्याची किंवा काढलेलं दूध देण्याची इच्छा, तपासण्या करून घेण्याची तयारी, आणि संस्थेच्या बालरोगतज्ज्ञांचं मत सोबत जोडण्याची विनंती. अर्ज संस्थेच्या समाजसेविकेमार्फत समितीकडे जाऊ द्या आणि पोचपावती घ्या. नातेवाइकांकडे बाळ असेल तर आईचं मत, आणि ती बोलण्याच्या स्थितीत नसेल तर वडिलांचं मत आणि डॉक्टरांचा सल्ला.

जिवंत, शुद्धीवर असलेल्या आईला विचारणं हा नुसता उपचार नाही. तिसऱ्या बाळाच्या आईनं मला सांगितलं होतं, ‘ताई, तिला काहीही पाजा, पण छातीशी घेऊन पाजू नका. तेवढं माझ्यासाठी ठेवा.’ तिचं ऐकण्यात बाळाचं काहीच बिघडलं नाही.

धर्माचाही प्रश्न येऊ शकतो. इस्लाममध्ये अंगावर पाजणारी बाई बाळाची दूधआई होते आणि तिच्या मुलांशी त्या बाळाचं पुढे लग्न होत नाही. बाळाचं कुटुंब मुस्लिम असल्याचं माहीत असेल तर ही गोष्ट त्यांना आधी सांगायला हवी, नंतर कळून उपयोग नाही.

तपासण्या दोघांच्याही

तुमची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि सिफिलिससाठीची व्हीडीआरएल. खोकला किंवा बारीक ताप रेंगाळत असेल तर क्षयाचीही. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि गुप्तही राहते. तिथल्या समुपदेशकाला खरं कारण सांगा. संसर्ग झाल्यावर तो तपासणीत दिसायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून पुन्हा तपासायला सांगितलं तर टाळू नका. रोजच्या गोळ्यांची यादीही डॉक्टरांपुढे ठेवा. रक्तदाबाच्या, थायरॉईडच्या, झोपेच्या, अगदी आयुर्वेदिकही.

आणि बाळाच्या. हे बहुतेकांना सुचत नाही. आपण समजतो की दुधातून आजार जातो तो आईकडून बाळाकडेच. उलटही होतं. जन्मजात सिफिलिस असलेल्या बाळाकडून पाजणाऱ्या दाईला तो झाल्याचं वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. स्तनाग्राला चीर असेल आणि बाळाच्या तोंडात जखम असेल तर एचआयव्हीही बाळाकडून पाजणारीकडे गेल्याची उदाहरणं आहेत. असं क्वचित घडतं, पण सापडलेल्या बाळाच्या आईबद्दल आपल्याला काहीच माहिती नसते. बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिद्रव्यं असतात, त्यामुळे त्याच्या साध्या तपासणीतून आईला एचआयव्ही होता का याचा अंदाज येतो. तसा संशय आला तर सहा आठवड्यांच्या आसपास टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी तपासणी, करतात आणि पुढेही अठरा महिन्यांपर्यंत लक्ष ठेवतात. माझे चार दिवस याच निकालांची वाट बघण्यात गेले.

तोवर बाळाला उघड्या अंगाशी घ्यायला कोणाची हरकत नसते. दुपट्याशिवाय, फक्त लंगोट आणि टोपी घालून, तुमच्या उघड्या छातीवर उभं धरायचं आणि वरून चादर घ्यायची. दूध असो वा नसो, बाळाचा श्वास आणि अंगाची ऊब यानं स्थिर होते. घरातल्या बाबांनीही असं धरावं.

सख्ख्या आईचं दूध मिळतंय का?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो. आई रुग्णालयात आहे म्हणजे तिचं दूध संपलं, असं नाही. औषधं चालणारी आहेत का, हे तिच्या डॉक्टरांना विचारा. दूध दर तीन तासांनी काढत राहिलं तरच टिकतं. काढलंच नाही तर ते हळूहळू आटतं आणि बाळ घरी परतेल तेव्हा तिच्या हाती काही उरत नाही.

तिसरीची आई बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारानं दाखल होती. तिथल्या परिचारिका तिला हातानं दूध काढायला बसवायच्या. कृती अशी: हात साबणानं धुवा, उकळून घेतलेली स्टीलची वाटी खाली धरा. अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून तीन-चार सेंटिमीटर मागे ठेवा. आधी छातीच्या बाजूला आत दाबा, मग अंगठा आणि बोटं जवळ आणा, सोडा. त्वचेवर बोटं घासू नका. पहिले दोन मिनिटं काहीच येत नाही, मग थेंब, मग धार. एका बाजूची धार मंदावली की दुसरी बाजू.

दूध वार आणि वेळ लिहिलेल्या डबीत जातं. आपल्या गाइडलाइन्स खोलीच्या तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये चोवीस तास सांगतात. मुंबईच्या मे महिन्यात मी चार तासांवर कधीच विसंबले नाही, काढल्याबरोबर बर्फात. आईसबॉक्समध्ये तळाला जेलपॅक, मध्ये डब्या, वर पुन्हा जेलपॅक, आणि रिकामी जागा स्वच्छ फडक्यानं भरायची म्हणजे डब्या हलत नाहीत. स्लो लोकलच्या लेडीज डब्यात तो बॉक्स हातात घेऊन उभी होते, तेव्हा एका कोळणीनं विचारलं, ‘मासे गं?’ दूध आहे, बाळाचं, म्हटल्यावर तिनं स्वतः उठून मला बसवलं. घरी आल्यावर डबी फ्रिजच्या दारात नाही, आत मागच्या बाजूला ठेवायची. पाजण्याआधी वाटी कोमट पाण्यात धरून गरम करायची. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. उरलेलं टाकायचं.

दूध पेढीबद्दल बऱ्याच जणी विचारतात. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे सायन हॉस्पिटलमध्ये, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. तिथे दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून, तपासून, गोठवून ठेवतात. पण ते मुख्यतः रुग्णालयातल्या कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या आणि आजारी बाळांसाठी असतं. तुमचं बाळ अजून नवजात कक्षात असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. एकदा घरी आलेल्या धडधाकट बाळासाठी मात्र त्याच्यावर विसंबता येत नाही. आणि ऑनलाइन कोणी आईचं दूध विकत असेल तर घेऊ नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मे २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे की मातृदुग्धाची विक्री चालत नाही, ते फक्त मोफत दान म्हणून देता येतं. ओळखीच्या शेजारणीचं न तपासलेलं दूधही नको, मग ती कितीही जिव्हाळ्याची असो.

दूध नसेल किंवा आटलं असेल तर

परवानगी आली, तपासण्या ठीक आल्या, आता प्रश्न दुधाचा. दुसरी आली तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा झाला होता आणि दूध केव्हाच बंद झालं होतं. ते पुन्हा येतं. कधीच बाळंत न झालेल्या बाईलाही येऊ शकतं, थोडं का होईना. बाळ लुचतं तेव्हा मेंदूतून प्रोलॅक्टिन सुटतं, त्यानं दूध तयार होतं. ऑक्सिटोसिन सुटतं, त्यानं दूध उतरतं. गर्भारपण झालं असेल तर काम लवकर होतं. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर ते आनंदानं लुचतं. त्याहून मोठं असेल तर मनधरणी करावी लागते.

दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, दर वेळी दोन्ही बाजूंना दहा-पंधरा मिनिटं बाळाला लावायचं. रात्रीच्या वेळा चुकवू नका, प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. पण रिकाम्या छातीला बाळ दोन मिनिटांत वैतागतं. त्यासाठी दोन युक्त्या आहेत.

एक म्हणजे थेंब-थेंब ओतणं. बाळाला नीट लावायचं, तोंड मोठं उघडून, काळा भाग बराचसा आत जाईल असं. आणि दुसऱ्या कोणीतरी ड्रॉपरनं किंवा बोंडल्यानं छातीवरून दूध सोडायचं, म्हणजे ते ओघळत बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत जातं. आमच्याकडे हे काम सासूबाईंनी केलं. रात्री दोनला त्या डोळे चोळत उठायच्या, उकळून ठेवलेलं चांदीचं बोंडलं पुसायच्या, माझ्या पाठीला टेकून बसायच्या आणि माझ्या खांद्यावरून हात घेऊन थेंब सोडायच्या. बाळ थांबलं की एक थेंब. पुन्हा लुचायला लागलं की हात आवरता. ‘तिला कळू देऊ नकोस दूध कुठून येतंय ते,’ असं हळूच म्हणायच्या. नवव्या दिवशी पहाटे पहिल्या लोकलचा आवाज आला तेव्हा बोंडलं रिकामं होतं आणि तरी बाळाच्या घशातून गिळल्याचा आवाज येत होता. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

दुसरी युक्ती नळीची. नवजात बाळाची बारीक फीडिंग ट्यूब औषधाच्या दुकानात मिळते. तिचं एक टोक दुधाच्या वाटीत, दुसरं स्तनाग्राच्या टोकापर्यंत, कागदी चिकटपट्टीनं लावलेलं. बाळ लुचतं आणि नळीतून दूध ओढतं. वाटी वर धरली की वेग वाढतो, खाली घेतली की कमी होतो. एक वेळचं दूध संपायला साधारण अर्धा तास लागेल अशा उंचीवर वाटी ठेवा. नळी वापरल्याबरोबर धुवा, गरम साबणाचं पाणी आतून फिरवा आणि काही दिवसांनी बदला. पहिल्यांदा हे परिचारिकेकडून किंवा स्तनपान सल्लागाराकडून समोर करून घ्या.

दूध वाढतंय असं वाटलं की वरचं दूध एकदम कमी करायचं नाही. चोवीस तासांत मिळून ५० मिली कमी करा, तेही सगळ्या वेळांत वाटून. काही दिवस तसंच ठेवा आणि वजन बघा. वजन वाढतंय तर आणखी ५० मिली. माझं पाच आठवड्यांनी निम्म्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. बाकीचं शेवटपर्यंत वाटीनंच दिलं. पुष्कळ जणींचं असंच होतं. निम्मं दूधही बाळाच्या पोटात गेलेलं दूधच आहे.

हळिवाचे लाडू, डिंक, मेथी, शतावरी यांचं मला सगळे सांगत होते. हळीव आणि खीर मी आवडीनं खाल्ली, अंगात ताकद हवीच असते. पण बाळ लुचल्याशिवाय लाडवांनी दूध येत नाही. दूध वाढवणाऱ्या गोळ्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवर आणू नका. त्यातल्या डोमपेरिडोननं काही जणींच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तो निर्णय डॉक्टरांचा.

वरचं दूध

अंगावर पाजणं जमणार नसेल, चालणार नसेल, तर डब्याचं दूध नीट पाजणं हेही तेवढ्याच निगुतीचं काम आहे. चहाची दूध पावडर वेगळी आणि बाळाच्या दुधाचा डबा वेगळा, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. बाळाच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र नसतं. आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं त्याला आणि जाहिरातीला बंदी आहे.

नळाचं पाणी, फिल्टरचं असलं तरी, खळखळून उकळा. उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आतच वापरा, म्हणजे ते ७० अंशांच्या खाली जात नाही. पावडर निर्जंतुक नसते, तेवढ्या गरम पाण्यानं तिच्यातले जंतू मरतात. आधी पाणी मोजून घ्यायचं, मग पावडर. बहुतेक डब्यांवर ३० मिलीला एक चमचा असतं, तरी आपल्या डब्यावरचं वाचा. चमचा सुरीच्या पाठीनं सपाट करा. दाबून भरू नका आणि डबा पुरवायला पातळ करू नका. मग वाटी थंड पाण्यात धरून कोमट करा, मनगटावर थेंब टाकून बघा. दोन तासांच्या आत संपवा, उष्टं तर लगेच टाका.

पहिला आठवडा उलटल्यावर दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १५० मिली लागतं. ३ किलोच्या बाळाला ४५० मिली, आठ वेळांत वाटलं तर प्रत्येक वेळी ५५-६० मिली. कमी दिवसांच्या बाळाचा हिशोब डॉक्टर देतील.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं. ते उकळता येतं, आणि बाळ अंगावर घेणार असेल तर बाटलीच्या बोंडाची सवय आड येत नाही. बाळाला जवळजवळ बसतं धरा, वाटीची कड खालच्या ओठाला टेकवा आणि त्याला स्वतः जीभ काढून घेऊ द्या. घशात ओतू नका. मध्येच थांबून खांद्यावर घ्या, ढेकर काढा. पाजताना फोन बाजूला ठेवा, बाळाच्या डोळ्यांकडे बघा. अंगावर पाजताना आपोआप होणारी ही गोष्ट वाटीनं पाजताना मुद्दाम करावी लागते.

मध, बाळगुटी, ग्राइप वॉटर, पाणी, तबेल्यातलं पातळ केलेलं दूध, यातलं सहा महिन्यांपर्यंत काहीही नको. मध तर वर्षभर नाहीच, त्यानं बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

पोट भरतंय का, हे ओळखायचं

दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले, लघवी फिकट. आठवड्याला किमान १२५ ग्रॅम वजन वाढ, बहुतेक बाळं त्याहून जास्त वाढतात. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा जवळच्या पालिका आरोग्य केंद्रात एकाच काट्यावर वजन करा आणि कार्डवर लिहून घ्या. बाळ सुस्त, पाजायला उठत नाही, ताप किंवा अंग गार, लघवी कमी, हिरवी उलटी, असं काही असेल तर सकाळची वाट बघू नका. आणि संस्थेलाही त्याच वेळी कळवा.

घरचे, शेजारचे, बाहेर जाणं

‘दुसऱ्याचं बाळ अंगावर घेतलंस?’ असं विचारणाऱ्यांना माझ्या सासूबाई एकच सांगायच्या, ‘शंभूराजांना कुणी पाजलं? कापूरहोळच्या धाराऊनं.’ सईबाई आजारी होत्या आणि धाराऊनं राजांच्या लेकराला पाजलं, हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे. पुढे कोणी बोलायचं नाही.

बाळाचं नाव, फोटो, कुठून आलं ही माहिती कुणालाही द्यायची नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. सोसायटीच्या ग्रुपवर नाही, स्टेटसला नाही. एसटी स्थानकांवर आणि काही सरकारी कचेऱ्यांत बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष असतो. समितीच्या तारखेला जाताना वाटेत कुठे आहे ते आधी विचारून ठेवा. स्वतःचं लहान मूल अजून पीत असेल तर पाहुण्या बाळाला आधी पाजा, त्याला दुसरं काही मिळत नाही. माझा मुलगा पहिले तीन दिवस रडला. मग दुसरी बाजू त्याची, असं ठरलं आणि निभावलं.

बाळ जाण्याची तयारी पहिल्या आठवड्यापासून

माझी एक चूक पहिल्या बाळाच्या वाट्याला आली. परवानगी मिळाल्यापासून मी त्याला फक्त अंगावर पाजलं. सात आठवडे. दत्तक घेणारे आई-बाबा ठरले आणि मला संस्थेकडून आदल्या दिवशी फोन आला, उद्या अकराला बाळ घेऊन या. माझ्याशिवाय कुणाच्या हातचं त्यानं काही घेतलेलं नव्हतं, चमचा विसरला होता. नव्या आईच्या मांडीवर ते तोंड फिरवून फिरवून रडलं. ती बिचारी वाटी हातात धरून माझ्याकडे बघत होती. पहिली रात्र त्या दोघांनी कशी काढली ते मला नंतर कळलं. आधी कळवायला हवं होतं, ही माझी तक्रार आजही आहे. पण एका वेळेचं दूध मी पहिल्यापासून दुसऱ्याच्या हातानं दिलं असतं, तर त्या लेकराचे हाल झाले नसते.

म्हणून आता माझा नियम. बाळ अंगावर पीत असलं तरी दिवसातली एक वेळ वाटीची, आणि ती माझ्या हातची नाही. नवऱ्याची, सासूबाईंची, कधी समाजसेविकेची. अर्जातच लिहा की बाळ हलवण्याआधी किमान दहा दिवसांची सूचना मिळावी. सूचना आली की दर दोन-तीन दिवसांनी अंगावरची एक वेळ कमी करून वाटीची करा, रात्रीची सर्वांत शेवटी. नव्या आईबाबांना, किंवा सख्ख्या आईला, दोन-तीनदा पाजायला बोलवा. तुम्ही खोलीत असाल तर बाळ तुमच्या वासाकडे वळतं, म्हणून पहिल्यांदा शेजारी बसा, नंतर बाहेर जा. नवी आई अंगावर पाजू इच्छित असेल तर बोंडलं आणि नळीची रीत तिला दाखवा.

पिशवीत एक कागद ठेवा. माझ्या दुसऱ्या बाळाच्या कागदावर हे होतं: ‘सकाळी ६, ८.३०, ११, दु. २, ४.३०, सं. ७, रा. ९.३०, १२, पहाटे ३. प्रत्येकी ७० मिली, पहाटे ९०. डावीकडे मान ठेवून चांगली पिते. मध्ये एकदा ढेकर, शेवटी दोनदा. चमचा जड चालत नाही, सोबतचाच वापरा. रडली की आधी पाऊल हातात धरा.’ सोबत दोन दिवस पुरेल एवढं त्याच डब्यातलं दूध, वाटी-चमचा, आणि तुम्ही वापरलेलं न धुतलेलं एक दुपटं.

बाळ गेल्यावर छाती लगेच ऐकत नाही. रात्री बारा आणि तीनला जाग येईल आणि दूध दाटलेलं असेल. पूर्ण काढू नका, नाहीतर ते तेवढंच पुन्हा तयार होतं. आराम पडेपर्यंत, दोन-चार चमचे, वाटीत काढा. थंड पाण्यात पिळलेलं फडकं ठेवा, घट्ट बांधू नका. एखादी जागा लाल, गरम, दुखरी झाली आणि ताप आला तर डॉक्टरकडे जा. मला दोन्ही वेळा साधारण दहा दिवस लागले. सासूबाई त्या दहाही रात्री दोनला उठल्या, आणि काही न बोलता माझ्या पाठीला टेकून बसल्या.